‘हम’ घालवण्यासाठी अर्थिंग तोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्यांविषयी आलेला लेख वाचला. माइक कोणता घ्यावा, खोलीतला घुमारा कमी करण्यासाठी भिंतींना काय लावावे, संपादनासाठी कोणते सॉफ्टवेअर सोयीचे पडते, ही माहिती त्यात नेमकेपणाने दिली होती आणि नव्याने सुरुवात करणाऱ्यांना तिचा उपयोग होईल यात शंका नाही. परंतु अशा खोलीत काम सुरू केले की बहुतेकांना जी अडचण सर्वांत आधी गाठते, त्या विजेच्या ‘हम’विषयी, म्हणजे आवाजात मिसळणाऱ्या सततच्या गुणगुणीविषयी, लेखात एकच वाक्य होते, आणि ते असे की हम थांबत नसेल तर उपकरणाच्या प्लगची अर्थची, म्हणजे जमिनीशी जोडणारी तिसरी, पिन काढून पाहावी. मी ध्वनिमुद्रणाची उपकरणे बसवण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या कामात आहे. हा सल्ला दुकानांत, रेकॉर्डिंगच्या खोल्यांत आणि क्वचित वायरमनच्या तोंडूनही मला सतत ऐकायला मिळतो. त्याने हम पुष्कळदा खरोखरच थांबतो, म्हणूनच तो इतका पसरला आहे. पण हमबरोबर त्या उपकरणाला हात लावणाऱ्या माणसाचे संरक्षणही जाते. हे वाचकांपुढे स्पष्टपणे यावे यासाठी थोडे सविस्तर लिहीत आहे.

आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची असते. हेडफोनमध्ये किंवा स्पीकरमध्ये येणारा खर्जातला ‘घूंऽऽ’ म्हणजे हेच ५० हर्ट्झ आणि त्याच्या १००, १५०, २०० अशा पटी होत. गाणाऱ्यांना याचा उपद्रव बोलणाऱ्यांपेक्षा जास्त होतो. पांढरी दोनमध्ये गाणाऱ्याचा षड्ज हार्मोनियमच्या प्रचलित मेळाप्रमाणे साधारण १४७ हर्ट्झवर येतो आणि हमची तिसरी पट १५० वर. त्यामुळे तंबोरा कितीही सुरेल लावला तरी या दोन स्वरांच्या टकरीतून सेकंदाला तीन आंदोलने ऐकू येत राहतात. पांढरी पाचमध्ये गाणाऱ्या बाईंचा षड्ज १९६ च्या आसपास असतो, तेथे २०० हर्ट्झची पट चार आंदोलने निर्माण करते. गाणाऱ्याला आपला तंबोरा उतरल्यासारखा वाटतो, तो पुन्हा पुन्हा लावला जातो, आणि दोष मात्र भिंतीतल्या बोर्डात असतो. नंतर सॉफ्टवेअरने हम काढून टाकू, अशी अनेकांची समजूत असते. तसे करता येते. पण १०० आणि १५० हर्ट्झ ही जागा पुरुषाच्या आवाजाच्या आणि डग्ग्याच्या घुमाऱ्याची जागा आहे, आणि तेथे खोल कात्री लावली की आवाज पोकळ होतो. शिवाय ग्रिडची वारंवारिता अगदी ५० वर स्थिर नसते, ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ती राखली जाणे अपेक्षित असते, आणि मूळ आकडा जरासा सरकला की वरच्या पटी त्याच प्रमाणात अधिक सरकतात. मुद्रणानंतर हम काढण्यापेक्षा मुद्रणात तो येऊच न देणे हाच खरा मार्ग आहे.

हम येण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे ग्राउंड लूप. लॅपटॉप एका भिंतीवरच्या सॉकेटला आणि स्पीकर समोरच्या भिंतीवरच्या सॉकेटला लावलेले असतात. दोन्ही सॉकेटची अर्थ वायर घराच्या आतून कोठे तरी एकत्र येतेच. आता या दोन उपकरणांमध्ये ऑडिओ केबल जोडली की केबलवरची जाळी त्या दोन अर्थना दुसऱ्या वाटेने जोडते आणि एक मोठे वेटोळे पूर्ण होते. दोन सॉकेटच्या अर्थमध्ये जो किंचित दाबफरक असतो, त्याने या वेटोळ्यातून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरू लागतो, आणि साध्या केबलमध्ये तीच जाळी सिग्नलची परतीची वाट असल्यामुळे तो थेट आवाजात मिसळतो. घरगुती वापराच्या साध्या ऑडिओ केबलमधून जाणारा सिग्नल एका व्होल्टच्या सुमारे एक तृतीयांश असतो आणि माइकचा तर काही मिलिव्होल्टच. त्यापुढे अर्थमधला अर्ध्या व्होल्टचा फरकही फार मोठा ठरतो. पिन कापल्यावर हम थांबतो तो हे वेटोळे तुटते म्हणून. पण तेच वेटोळे सिग्नलच्या बाजूनेही तोडता येते, आणि तेथे ते तोडण्यात कोणताही धोका नाही.

नारायण पेठेतल्या एका जुन्या इमारतीत श्राव्य पुस्तकांचे वाचन करणाऱ्या एका बाईंकडे अलीकडे गेलो होतो. कपाटाला आतून गोधड्या लावून त्यांनी छोटी वाचनाची जागा केली आहे. एक कंडेन्सर माइक, माइकचा सिग्नल संगणकात नेणारा एक इंटरफेस, लॅपटॉप आणि दोन स्पीकर एवढाच सरंजाम. हम होताच, पण घरात कोणी इस्त्री लावली की तो ठळकपणे वाढत असे. ‘अर्थिंग नवीन करून घेतले आहे’ असे त्यांनी सांगितले आणि त्यांना तसे सांगण्यातही आले होते. मल्टिमीटरने पाहिले तर फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) यांमध्ये २३०, फेज आणि अर्थमध्येही २३०; वरवर सर्व ठीक. खटकली ती न्यूट्रल आणि अर्थमधली नोंद. इस्त्री चालू असताना न्यूट्रलच्या तारेत थोडा तरी व्होल्टेज ड्रॉप होतो आणि तेथे अर्धा-एक व्होल्ट दिसायला हवा. येथे काटेकोर शून्य होते. मेन बंद करून बोर्ड उघडला. सॉकेटच्या वरच्या टर्मिनलमधून निघालेला हिरव्या वायरचा वीतभर तुकडा शेजारच्या न्यूट्रलच्या स्क्रूखाली दाबून टाकला होता. पाइपातून आलेली खरी अर्थ वायर मागे वळवून, काळ्या टेपने गुंडाळून तशीच सोडून दिली होती. ती वायर जागेवर लावली, तळमजल्यावरच्या मीटरखोलीतल्या अर्थच्या पट्टीपर्यंत ती सलग असल्याची खात्री केली, न्यूट्रलचा तुकडा काढून टाकला, आणि इस्त्रीबरोबर वाढणारा हम गेला. थोडासा उरला होता, तो स्पीकर लॅपटॉपच्याच बोर्डावर आणल्यावर आणि त्यांच्या साध्या केबल बदलून बॅलन्स्ड केबल (तिच्याविषयी पुढे) लावल्यावर गेला.

न्यूट्रल आणि अर्थ बोर्डातच जोडून देण्याचा हा प्रकार एखाद्याच घरी घडलेला नाही, तो सर्रास चालतो, आणि यासारखी घातक गोष्ट घरगुती वायरिंगमध्ये दुसरी क्वचितच असेल. फेज आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प लावला की तो पेटतो, गिऱ्हाईक समाधानी होते, वायरमन पैसे घेऊन जातो. पण मागे कोठे तरी न्यूट्रलची वायर सुटली, किंवा सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली, तर त्या बोर्डाला लावलेल्या प्रत्येक उपकरणाच्या धातूच्या अंगावर पूर्ण २३० व्होल्ट येतात, आणि तेही अर्थच्याच पिनमधून. ज्या घरात आरसीसीबी, म्हणजे गळती होताच पडणारा स्विच, बसवलेला असतो, तेथे अशा जोडणीने तो वारंवार पडतो. मग त्यातच बिघाड आहे असे सांगून तो बायपास केला जातो. ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारे ते साधन माणूस वाचवण्यासाठी असते, आणि ते काढण्याचे कारण बहुतेक वेळा त्याने आपले काम चोख केले एवढेच असते.

दुसरी नेहमी आढळणारी स्थिती म्हणजे सॉकेटला तिसरे भोक आहे, पण त्याच्या मागे वायरच नाही. अशा बोर्डाला थ्री-पिन प्लगचा लॅपटॉप, स्पीकर वगैरे उपकरणे लावली की त्यांच्यातल्या फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून अर्थच्या पट्टीला जोडलेले असल्यामुळे ती पट्टी अधांतरी, सुमारे निम्म्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास राहते. प्रवाह अत्यल्प असतो. त्यामुळे बहुधा जीव जात नाही, पण लॅपटॉपच्या कडेवर मनगट टेकले की झिणझिण्या येतात, आणि माइकच्या जाळीला ओठ लागला की मुंग्या येतात. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर उपकरणे जितकी वाढवावी तितकी ही गळती साठत जाते. अशा खोलीत धातूच्या अंगाला हात लावल्यावर हम कमी-जास्त होत असेल, तर आधी अर्थ आहे की नाही हे तपासावे. हाताला येणाऱ्या मुंग्या ‘थोडेसे करंट लागते’ म्हणून सोडून देण्याची सवय आपण मोडायला हवी, कारण कपॅसिटरऐवजी एखाद्या दिवशी आतली फेजची वायरच धातूला चिकटली, तर अर्थ नसलेल्या उपकरणात फ्यूजही उडत नाही आणि जादा प्रवाहाला आपोआप पडणारा स्विच, म्हणजे एमसीबीही, पडत नाही. ते उपकरण स्पर्शाची वाट पाहत बसते.

संगीताच्या क्षेत्राने याची किंमत मोजलेली आहे. स्टोन द क्रोज या स्कॉटिश वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस्ली हार्वी १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी येथे रंगमंचावर विजेचा धक्का बसून गेला. यार्डबर्ड्स या प्रसिद्ध वाद्यवृंदाचा गायक कीथ रेल्फ १९७६ साली आपल्या राहत्या घरी, नीट अर्थिंग नसलेल्या उपकरणाला जोडलेली गिटार वाजवताना गेला. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाच्या हातात एका बाजूला तारा आणि ओठाशी दुसऱ्या उपकरणाला जोडलेला माइक असतो. दोहोंच्या अर्थमध्ये फरक पडला तर प्रवाहाची वाट छातीतूनच जाते. आपल्या प्लगची अर्थची पिन बाकीच्या दोन पिनांपेक्षा जाड आणि लांब ठेवलेली असते ती याचसाठी की, प्लग लावताना ती सर्वांत आधी टेकावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. ती कापण्याचा सल्ला आपल्या पुरवणीतून गेला असल्याने, त्याची दुरुस्ती आपण पुरवणीतच ठळकपणे छापावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

हम घालवण्याचा सुरक्षित मार्ग वेळ घेणारा नाही, मात्र त्याला क्रम आहे. परवानाधारक वायरमनकडून सॉकेटचे तिन्ही आकडे (फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ), भार चालू असताना आणि बंद असताना, आपल्यासमोर मोजून घ्यावेत. त्यानंतर लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवावा. हम तत्काळ थांबला तर वेटोळे चार्जरच्या वाटेने जात आहे हे समजते; आणि माउस हलवताना किंवा पडदा सरकवताना बदलणारी बारीक किरकिर येत असेल, तर ती संगणकाच्या आतल्या वीजपुरवठ्याची असून यूएसबीच्या अर्थमधून येत असते. मग सर्व केबल काढून एकेक लावत जावे, प्रत्येक वेळी ऐकावे. ज्या केबलने आवाज येतो, ती केबल आणि तिच्या दोन टोकांची उपकरणे एवढ्याच ठिकाणी शोध घ्यायचा असतो. हम फक्त स्पीकरमध्ये आहे की मुद्रणातही उतरतो आहे, हेही याच वेळी पाहावे. पुष्कळ जण स्पीकरच्या हमपायी स्वच्छ असलेला माइक बदलतात.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे खोलीतली ध्वनिमुद्रणाची सर्व उपकरणे एकाच सॉकेटवरून, एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डाने चालवणे. ६ अँपिअरच्या सॉकेटवर सुमारे १३८० वॉट चालतात, आणि लॅपटॉप, इंटरफेस व दोन मध्यम स्पीकर मिळून साधारणपणे त्याच्या निम्म्यापर्यंतही जात नाहीत. अर्थ एकच असल्यामुळे वेटोळे हातभर उरते. दुसरा उपाय बॅलन्स्ड केबलचा. तीत सिग्नल दोन तारांतून एकमेकांच्या उलट जातो, वाटेत शिरलेला हम दोन्ही तारांवर सारखाच चढतो, आणि पलीकडचे उपकरण दोहोंतला फरक घेत असल्यामुळे तो वजा होतो. तारांची जोडी पिळण्याची युक्ती मुळात टेलिफोनची आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली तिचे पेटंट घेतले होते. इंटरफेसला आणि स्पीकरला बॅलन्स्ड जॅक असूनही मध्ये जुनी साधी केबल लावलेली मी कितीतरी घरांत पाहिली आहे. ज्या उपकरणाला बॅलन्स्ड आउटपुटच नाही, उदाहरणार्थ जुना कीबोर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक तंबोरा, त्याच्यासाठी डीआय बॉक्स (साधा सिग्नल बॅलन्स्ड करून देणारी डबी) किंवा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (तारांची थेट जोडणी न ठेवता सिग्नल पुढे नेणारा) घ्यावा. डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचे बटण असते. ते फक्त ऑडिओ केबलची जाळी सोडवते, विजेच्या अर्थला हातही लावत नाही, त्यामुळे ते निःशंकपणे वापरावे. यूएसबीच्या अर्थमधून येणाऱ्या किरकिरीसाठी ती जोडणी तोडणारा यूएसबी आयसोलेटर मिळतो; तो घेताना मात्र वेग पाहून घ्यावा, कारण स्वस्तातले बरेचसे १२ मेगाबिटलाच थांबतात आणि त्यावर अनेक इंटरफेस चालत नाहीत.

हमखेरीज एक कर्कश ‘झर्र’ असा आवाज येतो, त्याचा उगम बहुधा पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये किंवा दिव्याच्या डिमरमध्ये असतो. त्यातला ट्रायॅक हा इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला १०० वेळा वीज कापतो. पंखा पूर्ण वेगावर किंवा बंद करून आवाज थांबतो का ते पाहावे आणि थांबत असेल तर कपॅसिटरचा स्टेप रेग्युलेटर बसवावा. माइकची केबल विजेच्या केबलला समांतर नेऊ नये, काटकोनात ओलांडावी. सिंगल-कॉइल पिकअपची (तारांची कंपने एकाच गुंडाळीने टिपणारी) गिटार ट्रान्सफॉर्मरजवळ घूं करणारच. ती धरून जागेवर थोडे वळून पाहिले तर हम कमी होणारी दिशा सापडते.

एका गोष्टीविषयी मात्र सावध करणे आवश्यक वाटते. स्टुडिओसाठी ‘स्वतंत्र स्वच्छ अर्थ’ म्हणून बाल्कनीखाली वेगळा रॉड ठोकून तो थेट उपकरणांना जोडण्याचा सल्ला हल्ली दिला जातो, आणि त्यासाठी बरेच पैसेही घेतले जातात. इमारतीच्या मुख्य अर्थशी न जोडलेला असा रॉड घातक असतो. दख्खनच्या मुरमाड, खडकाळ जमिनीत, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, एकट्या रॉडचा रोध इतका वाढतो की फेज धातूला चिकटली तरी एमसीबी पाडण्याइतका प्रवाह त्यातून जात नाही; वीज कोसळली तर दोन अर्थमध्ये प्रचंड दाबफरक पडतो; आणि घरातल्या इतर उपकरणांशी वेटोळे तयार होऊन हम उलट वाढतो. इमारतीतले सर्व अर्थ एकमेकांना जोडलेलेच असायला हवेत.

मूळ अर्थ चांगला असणे हे एकट्या फ्लॅटधारकाच्या हातात नसते. अर्थची प्लेट पुरलेला खड्डा इमारतीचा असतो, पट्टी मीटरखोलीत असते. भारतीय मानक आयएस ३०४३ मध्ये अर्थची प्लेट किमान ६० बाय ६० सेंटिमीटरची, तांब्याची असल्यास ३.१५ मिलिमीटर आणि गॅल्व्हनाइज्ड लोखंडाची असल्यास ६.३ मिलिमीटर जाडीची असावी आणि तिची वरची कड जमिनीपासून किमान दीड मीटर खोल असावी, असे सांगितले आहे. अनेक इमारतींत पार्किंगला फरशी करताना हा खड्डाच बुजवून टाकलेला असतो. झाकण कोठे होते हे कोणालाही सांगता येत नाही आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालणे तर दूरच. ज्या घरात ध्वनिमुद्रण चालत नाही, तेथेही गीझर, वॉशिंग मशीन आणि फ्रिज असतात, आणि त्यांचे संरक्षण याच खड्ड्यावर अवलंबून असते. तेथे फक्त हम ऐकू येत नाही म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. गृहनिर्माण संस्थांनी दरवर्षी मे महिन्यात, जमीन सर्वांत कोरडी असताना, परवानाधारक ठेकेदाराकडून अर्थचा रोध मोजून घ्यावा, प्रत्येक मजल्यापर्यंत अर्थची वायर सलग आहे याची तपासणी करावी आणि लिफ्टच्या व अग्निशमनाच्या तपासणीप्रमाणे तो अहवाल वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा.

आपला नम्र,
एक ध्वनितंत्रज्ञ, पुणे